नवे लायनर टाकले, तरी ब्रेक का लागत नाही?

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

बाहेर पाऊस आहे आणि आमची शेड पत्र्याची, त्यामुळे मागे तडतड ऐकू आली तर समजून घ्या. चौलला जुलैमध्ये यापेक्षा शांत खोली मिळत नाही.

गेल्या भागानंतर श्रीवर्धनहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्या सासऱ्यांची जुनी बुलेट आहे, ती त्यांनी हौसेनं उभी केली. त्या म्हणतात, "दादा, लायनर नवे, केबल नवी, स्प्रिंगा नव्या. तरी ब्रेक दाबला की गाडी आधी विचार करते आणि मग थांबते." हे वाक्य मी तीनदा ऐकलं. गाडी विचार करते! ड्रम ब्रेकचं दुखणं इतक्या नेमक्या शब्दांत मला कुठल्या मेकॅनिकनंही सांगितलेलं नाही.

ताईंना मी फोनवरच उत्तर देऊ शकलो असतो. पण हा विषय माझ्या घरातला आहे, म्हणून अख्खा भाग त्याच्यावर करतोय. आणि आधीच सांगतो, यातली चूक माझी आहे, कुठल्या गॅरेजची नाही.

आमच्या वडिलांची बुलेट १९६८ ची. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. मद्रासला एनफील्ड इंडिया १९५५ मध्ये सुरू झाली, आणि सुरुवातीची बरीच वर्षं या साडेतीनशेच्या गाडीला पुढे-मागे सहा इंची ड्रम यायचा. पुढे सात इंची आला, मग त्यातच ट्विन लीडिंग आला, त्याच्याकडे नंतर येतो. वडील त्या गाडीवर नारळ-सुपारीच्या बाजारासाठी अलिबागपासून रोह्यापर्यंत फिरले. ते गेल्यावर गाडी वाडीतल्या पडवीत उभी राहिली ती राहिलीच.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ. आपल्याकडे ज्यांच्या वाड्या आहेत त्यांना त्या दिवसाबद्दल काही सांगायला नको. आमच्या अर्ध्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या आणि त्यातली एक पडवीवर. कौलं, वासे, सगळं गाडीवर. पंधरा दिवसांनी ढिगारा काढला तेव्हा पुढचा मडगार्ड चेपलेला, आणि आरे गंजून असे झालेले की बोटानं दाबले तर तुटतील. त्या वर्षी नारळ नाही, सुपारी नाही, आणि लॉकडाऊन. हाताला काम म्हणून मी गाडी खोलली.

पुढचं चाक खोललं तर ड्रमच्या आत गंजाचे खड्डे आणि जुन्या लायनरच्या रिव्हेटांनी पाडलेल्या चरा. मी हब सुटा केला, लेथवर नेला, आतून टर्निंग करून आणला. आरशासारखा ड्रम. मग नवे आरे टाकून चाक बांधून घेतलं, बाजारातून आणलेले तयार शू बसवले, केबल जोडली, गाडी स्टँडवर घेतली, चाक फिरवलं, ब्रेक दाबला. चाक गपकन थांबलं. मी खूश.

मंडळी, स्टँडवर चाक कुठल्याही ब्रेकनं थांबतं. लायनरचा अंगठ्याएवढा तुकडा टेकत असेल तरी थांबतं. हातानं फिरवलेलं चाक आणि दोन माणसं बसलेली दीडशे-पावणेदोनशे किलोची गाडी, यात किती फरक आहे हे मला कळायला हवं होतं.

माझा भाचा ती गाडी पेणहून अलिबागला आणत होता. कार्ले खिंडीत उतारावर पुढे टेम्पो थांबला. रस्ता ओला. त्यानं पुढचा ब्रेक दाबला, गाडीनं विचार केला. मग घाबरून मागचा ब्रेक पूर्ण दाबला. उतारावर ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, ते लॉक झालं आणि गाडी आडवी झाली. हसळीचं हाड मोडलं. टेम्पोखाली गेला नाही, एवढंच. दवाखान्यात तो मला म्हणाला, "मामा, मी ब्रेक दाबला होता हो." जणू त्याचाच काही गुन्हा होता. ताई, म्हणजे त्याची आई, मला काहीच बोलली नाही. ते जास्त जड गेलं.

घरी आणून चाक खोललं. दोन्ही शूंच्या लायनरवर फक्त मधोमध चकाकी होती, साधारण दोन बोटं रुंद. बाकी लायनर कोरा, दुकानातून आणला तसा. म्हणजे ब्रेकचा बहुतेक भाग ड्रमला कधी टेकलाच नव्हता.

का, ते समजून घ्या, म्हणजे सगळं सोपं होईल. ड्रम आतून टर्न केला की त्याचा गोल मोठा होतो. बाजारातला शू मूळ मापाच्या गोलाला बनवलेला. मोठ्या वाटीत छोटी वाटी उपडी न घालता आत सरकवून बघा, कडेला लावली की एकाच जागी टेकते. शूचंही तेच, फक्त पोट टेकतं, दोन्ही टोकं हवेत. उलट, शूचा गोल ड्रमपेक्षा मोठा असेल तर टोकं आधी टेकतात. असा ब्रेक कमजोर नसतो, उलट झटक्यानं पकडतो आणि किंचाळतो. ब्रेक किंचाळतो की विचार करतो यावरून आत काय चाललंय याचा अंदाज बांधता येतो.

आता एक गोष्ट आणखी. साध्या ड्रममध्ये दोन शू असतात, एका टोकाला पिव्होट पिन, दुसऱ्या टोकाला कॅम. कॅम वळला की शू फाकतात. दिसायला दोन्ही भाऊ सारखे, पण काम सारखं करत नाहीत. चाक फिरताना ज्या शूवर ड्रम कॅमच्या टोकाकडून पिव्होटकडे घसटत जातो, तो शू ड्रमच्याच ओढीनं आणखी आत रुततो. हा लीडिंग शू. दुसऱ्याला ड्रम बाहेर ढकलतो, तो ट्रेलिंग. जास्त काम लीडिंग शू करतो, झिजतोही तोच जास्त. म्हणून दोन्हींत वेळ घालवायला कंटाळा येत असेल तर निदान लीडिंग शू तरी नीट टेकतोय ना बघा. (पण कंटाळा करू नका.)

टेकतोय की नाही, हे बघायला यंत्र लागत नाही. शाळेतला खडू. ड्रमच्या आत खडू फिरवा, सगळीकडे पातळ. चाक बसवा, हलका ब्रेक लावून हातानं दोन-तीन वेळा फिरवा, परत खोला. लायनरवर जिथे पांढरं उमटलं तिथे टेकतंय. तिथलंच थोडं घासा, सपाट कानशीनं किंवा काच पेपरनं. पुन्हा खडू. पुन्हा घासा. मला सहा फेऱ्या लागल्या होत्या, पहिल्यांदा दीड दिवस गेला. पाऊण लायनरवर पांढरं उमटलं की थांबा. उरलेलं रस्त्यावर घासून बसतं. शेवटी ड्रम ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसा, खडू आत ठेवू नका.

पण हे थोड्या फरकासाठी. माझ्यासारखा ड्रम टर्न करून आणला असेल तर घासून पुरत नाही. तेव्हा जाड लायनर शूवर चिकटवून घ्यायचा, शू ब्रेक प्लेटवर बसवायचे, कॅम आणि शूच्या मध्ये पातळ पट्टी सरकवून शू किंचित उघडे ठेवायचे आणि त्या अवस्थेत ड्रमच्या मापानं लेथवर टर्न करायचे. पट्टी काढली की शू तेवढे आत जातात, चाक मोकळं फिरतं आणि ब्रेक दाबला की शू नेमके त्याच गोलात जाऊन बसतात. मुंबईत हे काम करणारे अजून आहेत. मांडव्याला रो-रो सुरू झाल्यापासून, म्हणजे मार्च २०२० पासून, गाडीच बोटीत घालून भाऊच्या धक्क्याला नेता येते. मी मात्र फक्त प्लेट आणि शू पिशवीत घालून नेले होते.

धुळीबद्दल बोललंच पाहिजे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही, आणि दुखणं वीस-तीस वर्षांनी दिसतं. आपल्याकडे ड्रम उघडला की पहिलं काम काय? कॉम्प्रेसरची हवा मारायची, सगळी धूळ तोंडावर. किंवा तोंडानं फू. हे करू नका. पाणी शिंपडा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. घासतानाही मास्क. शेजारी पोरं उभी असतील तर त्यांना आधी लांब पाठवा.

बरं, शू टेकायला लागले. गाडी परत जोडली. आणि आता नवीनच त्रास! ब्रेक लागतोय, पण लिव्हर बोटाखाली आत-बाहेर होतेय. चाक एक फेरी मारतं तेवढ्यात एकदा पकड, एकदा ढिलं. ड्रम ओव्हल.

पण मी तर लेथवर टर्न करून आणला होता? हो, आणला होता, सुटा असताना! मग त्याच्यावर आरे ओढून चाक बांधलं. छत्तीस-चाळीस आरे हबला चारी बाजूंनी खेचतात, लोखंडी ड्रमसुद्धा त्या ताणानं केसभर वाकतो. म्हणून क्रम उलटा हवा. आधी आरे, रिम, चाक सरळ करणं, सगळं पूर्ण, आणि मग बांधलेलं चाकच लेथवर घेऊन त्याच्याच बेअरिंगच्या केंद्रावर ड्रम टर्न करायचा. एकोणीस इंची रिम मावेल असा मोठा लेथ शोधावा लागतो. मला पेणला एक जुने लेथवाले काका भेटले. चाक बघून म्हणाले, "आधी बांधलंस, मग आणलंस, शाब्बास." मी गप्प बसलो. पहिल्या वेळची गोष्ट त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. आणि हो, जेवढं लागेल तेवढंच टर्न करा. भिंत पातळ झालेला ड्रम गरम झाला की तडकू शकतो.

आता बसवण्याकडे. शू बसवताना स्प्रिंगा आधी अडकवून घ्या आणि दोन्ही शू उघड्या पुस्तकासारखे धरा, मध्ये उंचावलेले. एक टोक पिव्होटवर, एक कॅमवर, आणि पुस्तक सपाट करतो तसं खाली दाबा. खट्ट करून बसतात. स्क्रूड्रायव्हरनं स्प्रिंग ओढत बसलात तर स्प्रिंग निसटून डोळ्याकडे येते, मी स्वतः अनुभव घेतलाय. चष्मा होता.

कॅमच्या दोन तोंडांना आणि पिव्होटला ग्रीसचा हात फिरवायचा. हात, गोळा नाही. आपल्या किनाऱ्यावर लोकांना गंजाची इतकी भीती असते की बेअरिंगमध्ये आणि कॅममध्ये ग्रीस ठासून भरतात. ते गरम होऊन पातळ होतं आणि लायनरवर उतरतं. एकदा लायनर ग्रीस प्यायला की संपला. काही जण त्याच्यावर पेट्रोल टाकून पेटवतात, वरून कोरडा दिसतो, पण उतारावर तापला की आतलं तेल परत वर येतं. टाकून द्या.

किनाऱ्याचा खरा शत्रू मात्र कॅम जॅम होणं आहे. प्लेट ॲल्युमिनियमची, कॅमचा दांडा पोलादाचा, आणि मध्ये खारी हवा. दोन वेगळे धातू आणि मीठ एकत्र आले की ॲल्युमिनियम पांढरं होऊन फुगतं आणि दांड्याला आवळतं. मग ब्रेक दाबला तर लागतो, पण सोडला तर सुटत नाही. शू घासतच राहतात, हब तापतो, आणि माणूस म्हणतो गाडी ओढत नाही, कार्बोरेटर बघा! मुरूड, काशीदकडच्या गाड्यांत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी हबला हात लावून बघतो. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, कॅम बाहेर काढायचा, पॉलिश पेपरनं साफ करायचा, पातळ ग्रीस लावून परत. अर्ध्या तासाचं काम. आणि कृपा करून गाडी किनाऱ्यावरच्या वाळूत लाटेपर्यंत नेऊन फोटो काढू नका. काढलाच, तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा आणि मग हलका ब्रेक धरून थोडं अंतर चालवा, म्हणजे ड्रम तापून आतलं पाणी सुकेल. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या ड्रमला सकाळी तांबूस गंज येतो, पहिला ब्रेक झटक्यानं लागतो. तो पहिला ब्रेक अंगणातच मारून घ्या, फाटकाबाहेर चिखलात नको.

केबल जोडताना एक बघा. ब्रेक पूर्ण लागलेला असताना कॅमची लिव्हर आणि केबल यांच्यात साधारण काटकोन हवा. तिथे तुमच्या बोटांची ताकद सगळ्यात जास्त कामी येते. लिव्हर काटकोनाच्या पलीकडे गेली की तुम्ही दाबता जोरात, पण कॅम वळतो कमी. आणि इथे एक फार वाईट सवय आहे आपल्याकडे. लायनर झिजले, ॲडजस्टर संपला, की लिव्हर दांड्यावरून काढून एक दाता मागे बसवायची. केबल परत ताठ, गिऱ्हाईक खूश, पन्नास रुपये. आत काय झालं? झिजलेल्या लायनरला कॅम आता जवळजवळ उभा होतोय. आणखी थोडा झिजला की कॅम पूर्ण वळून उलटतो, शू फाकलेले तसेच अडकतात, आणि चाक लॉक. पुढचं चाक लॉक. ॲडजस्टर संपला याचा अर्थ लायनर संपला, दुसरा कुठलाही अर्थ नाही.

ज्यांच्याकडे नंतरची सात इंची ट्विन लीडिंगवाली आहे, त्यांच्यासाठी. त्यात दोन कॅम, दोन्ही शू लीडिंग, म्हणून पकड जबरदस्त. पण दोन लिव्हरना जोडणारी जी काडी आहे, तिची लांबी अंदाजानं ठेवली तर एक शू आधी टेकतो आणि दुसरा नुसता बघत बसतो. काडी सुटी करा, दोन्ही कॅम एकेक करून शू टेकेपर्यंत वळवा, आणि त्या अवस्थेत काडीची लांबी जुळवून जोडा. याच ब्रेकची एक गंमत आहे. चाक उलटं फिरलं की दोन्ही लीडिंगचे दोन्ही ट्रेलिंग होतात. आगरदांडा-दिघी फेरीच्या धक्क्यावर उताराला वर तोंड करून उभे असाल, तर पुढचा ब्रेक दाबूनही गाडी मागे घसरते. ब्रेक बिघडला नाही, तो तसाच असतो. मागचा ब्रेक धरा. जुन्या बुलेटला तो डाव्या पायात आहे, हे पाहुण्याला गाडी देताना आधी सांगा.

मग चाक फोर्कमध्ये. एक्सलचा नट हातानं लावा, घट्ट नको. चाक जोरात फिरवा, ब्रेक करकचून दाबा, दाबलेलाच ठेवा, आणि कोणाला तरी नट घट्ट करायला सांगा. शू ड्रमला धरून प्लेटला आपोआप मध्यावर आणतात. दोन माणसांचं काम आहे. आमच्याकडे ब्रेक भाचा धरतो, पाना मी.

आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं: ब्रेक प्लेट फोर्कला नीट अडकली आहे का? ब्रेक लागला की ड्रम प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवायला बघतो. तिला धरून ठेवणारा तो एकच अडणा. तो खाचेत बसला नसेल तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला प्लेट गरकन फिरते, केबल तोडते, आणि चाक कुठे अडकेल सांगता येत नाही. मागे स्विंगआर्मच्या खाचेत अँकरचा नट असतो, तोही बघा. मी बॅटरी मारून बघतो, मग बोट घालून बघतो, मग गाडी पुढे ढकलून ब्रेक मारतो आणि प्लेट हलते का ते परत बघतो. घरचे हसतात. हसू दे.

नवा ब्रेक पहिले काही दिवस सपाट रस्त्यावर. आपल्याकडे अलिबाग ते रेवदंडा रस्ता त्यासाठी देवानंच दिलाय. आधी सायकलच्या वेगानं, फक्त पुढचा ब्रेक, मग हळूहळू वाढवा. खिंडी-घाट नंतर.

एक अवांतर. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा व्हिंटेज नोंदणीचा नियम आला, 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळते. पण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. बाजाराला जायची गाडी असेल तर आधी विचार करा.

भाच्याचं हाड जुळलं. थंडीत दुखतं म्हणतो. गेल्या दिवाळीत त्यानं स्वतः किल्ली मागितली, मी दिली, आणि तो येईपर्यंत फाटकाशी उभा राहिलो. कार्ले खिंडीतून फोन केला त्यानं, "मामा, थांबली." एवढंच बोलला.

तर श्रीवर्धनच्या ताई, सासऱ्यांच्या गाडीचा ड्रम कधी टर्न केलाय का, ते घरी विचारा. खडू फिरवा आणि दोन्ही शूंचे फोटो पाठवा, लीडिंग कुठला ते पेननं लिहून. तोवर गाडी श्रीवर्धनच्या बाहेर नेऊ नका, हरिहरेश्वरच्या उताराला तर नाहीच. पुढच्या भागात चेन आणि स्प्रॉकेट. पाऊस वाढलाय, मला माझाच आवाज ऐकू येईना. येतो.